जुन्या लेसरचा पॉवर सप्लाय कसा दुरुस्त होतो

प्रयोगशाळेतला जुना वायू-लेसर बंद पडला की पहिला संशय ट्यूबवर जातो. प्रकाश तिच्यातूनच येतो, ती महाग असते आणि नाजूकही असते, त्यामुळे हा संशय स्वाभाविक आहे. पण वीस-तीस वर्षे चाललेल्या लेसरमध्ये दोष अनेकदा ट्यूबला वीज देणाऱ्या पेटीत, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये सापडतो. वायू संपलेली ट्यूब कार्यशाळेत पुन्हा भरून घेणे जवळजवळ अशक्य असते. पॉवर सप्लाय मात्र बहुतेक वेळा दुरुस्त होतो. म्हणून दोष नेमका कोणत्या बाजूला आहे हे ठरले, की निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

जर्मनीत अशी जुनी यंत्रे पुष्कळ आहेत, कारण लेसरचे उत्पादन या देशात लवकर सुरू झाले. शोध मात्र अमेरिकेतला. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर चालवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत अली जवान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरिअट यांनी हीलियम-निऑन वायूंचा लेसर सिद्ध केला. १९६२ मध्ये याच वायूंपासून ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण मिळाला आणि १९६४ मध्ये विल्यम ब्रिजेस यांनी आर्गॉन आयन लेसर शोधला. पुढच्या काळात जर्मनीच्या दोन्ही भागांत हे लेसर स्वतंत्रपणे बनू लागले. पश्चिमेत सीमेन्सने हीलियम-निऑन ट्यूब काढल्या, तर पूर्व जर्मनीत कार्ल त्साइस येना या सरकारी कारखान्याने हीलियम-निऑन आणि आर्गॉन असे दोन्ही लेसर तयार केले. ग्यॉटिंगेन या विद्यापीठनगरीत डिर्क बास्टिंग आणि बेर्न्ड श्टायर यांनी १९७१ मध्ये लाम्ब्डा फिजिक ही कंपनी काढली आणि १९७७ मध्ये तिथून बाजारात मिळणारा पहिला एक्सायमर लेसर बाहेर पडला.

हे लेसर टिकून राहण्यामागे आणखी एक कारण आहे. जर्मन विद्यापीठांत आणि माक्स प्लांक संस्थांत स्वतःच्या यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळा असतात आणि तिथे साडेतीन वर्षांचा शिकाऊ अभ्यासक्रम पुरा करणारी मुले-मुली रोजच्या कामातूनच जुनी उपकरणे उघडायला शिकतात. नवा डायोड लेसर स्वस्त आहे हे खरे, पण एखादा इंटरफेरोमीटर किंवा होलोग्राफीचा प्रयोग विशिष्ट ट्यूबभोवती उभा केलेला असतो. हीलियम-निऑनच्या किरणाची गोल, स्वच्छ कडा आणि स्थिर तरंगलांबी साध्या डायोडकडून मिळत नाही. १९८३ मध्ये मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली गेली, तेव्हा ती प्रत्यक्षात उतरवण्यासाठी ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापन संस्थेसारख्या ठिकाणी आयोडीनने स्थिर केलेले हीलियम-निऑन लेसरच वापरात आले. अशा कामाचे यंत्र एका कपॅसिटरपायी भंगारात काढणे हे शुद्ध नुकसान आहे.

दुरुस्ती समजण्यासाठी आधी हीलियम-निऑन लेसरच्या पेटीचे काम समजले पाहिजे, कारण ते साध्या बॅटरी एलिमिनेटरसारखे सरळ नाही. काचेच्या बारीक नळीत अगदी कमी दाबाखाली हीलियम आणि थोडा निऑन भरलेला असतो. थंड अवस्थेत हा वायू वीज वाहू देत नाही. त्यात पहिली ठिणगी पाडायला एक मिलिवॉटच्या छोट्या ट्यूबलाही ५ ते ८ हजार व्होल्ट लागतात. एकदा वायू पेटला की तेवढ्या व्होल्टेजची गरज संपते आणि सुमारे १,२०० व्होल्टवर ५ मिलिअँपिअर करंट वाहत राहतो. म्हणजे ट्यूबमध्ये ६ वॉट वीज जाते आणि त्यातून १ मिलिवॉट लेसर प्रकाश मिळतो. बाकी सगळी उष्णता आणि नळीची गुलाबी चमक.

पेटलेल्या वायूचा स्वभाव उलटा असतो. तारेतून जास्त करंट न्यायचा तर जास्त व्होल्टेज लागते. इथे करंट वाढला की ट्यूबवरचे व्होल्टेज कमी होते. मोकळे सोडले तर करंट बेलगाम वाढेल किंवा ट्यूब पेटत-विझत राहील. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटला चोक लागतो तो याच कारणाने, आणि लेसर ट्यूबला त्या जागी रेझिस्टर लागतो. तो साधारण ७५ किलोओहमचा असतो. ५ मिलिअँपिअरला त्याच्यावर ३७५ व्होल्ट पडतात आणि जवळपास २ वॉट उष्णता निघते. म्हणजे ट्यूबला १,२०० व्होल्ट हवे असले, तरी पेटीने साधारण १,६०० व्होल्ट दिले पाहिजेत. हा रेझिस्टर ट्यूबच्या ॲनोडला अगदी चिकटून असावा लागतो. तो लांब पेटीत ठेवला तर मधल्या केबलमध्ये साठणारा विद्युतभार करंट डळमळीत करतो. दुरुस्तीत कुणीतरी सोयीसाठी त्याची जागा बदलली आणि चांगली ट्यूब लुकलुकू लागली, असे प्रकार घडतात.

जुन्या पेटीत हे काम सरळसोट पद्धतीने केलेले असते. ट्रान्सफॉर्मर मेन्सचे व्होल्टेज वाढवतो, डायोड आणि कपॅसिटरची जोडी ते दुप्पट करून सपाट करते. त्याच्या पुढे डायोड आणि अगदी लहान कपॅसिटरांची एक साखळी जोडलेली असते. ही साखळी व्होल्टेज पायरी-पायरीने चढवत नेते, पण तिच्यात करंट देण्याची ताकद जवळजवळ नसते. ट्यूब पेटेपर्यंत ती हजारो व्होल्ट धरून ठेवते, आणि वायू पेटून करंट वाहू लागला की तिचा दाब आपोआप बसतो व मुख्य करंट त्याच डायोडांतून पुढे जातो. शेवटी एक ट्रान्झिस्टर करंट ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. कोणताही स्विच किंवा रिले न वापरता पेटवणे आणि चालवणे ही दोन्ही कामे एकाच मांडणीत बसवलेली असतात. पुढे आलेल्या लहान स्विचिंग पेट्या बहुधा इपॉक्सीत ओतलेल्या असतात. त्या फोडून दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, बदलाव्या लागतात. दुरुस्तीला खरा वाव देतात त्या स्क्रू काढून उघडता येणाऱ्या जुन्या पेट्या.

झाकण उघडण्याआधीचा क्रम जर्मनीत प्रत्येक शिकाऊ इलेक्ट्रिशियनला पाठ असतो. वीजपुरवठा तोडणे, तो कुणी चुकून परत चालू करणार नाही याची खात्री करणे, व्होल्टेज उरले नाही हे मोजून पाहणे, अर्थ करून शॉर्ट करणे आणि शेजारचे वीजधारी भाग झाकणे, असे ते पाच नियम आहेत. लेसरच्या पेटीत तिसरा आणि चौथा नियम जिवाशी संबंधित आहेत. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. तो स्क्रूड्रायव्हर टेकवून काढायचा नसतो, कारण त्या ठिणगीने कपॅसिटर आणि डायोड दोन्ही खराब होऊ शकतात. दहा-वीस किलोओहमचा, उच्च व्होल्टेज सोसणारा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड दांडीवर बसवून त्याने भार हळू उतरवतात. तेवढ्यावरही थांबून चालत नाही. रिकामा झालेला कपॅसिटर काही वेळाने थोडे व्होल्टेज परत दाखवतो, म्हणून काम चालू असेपर्यंत त्याची दोन्ही टोके तारेने जोडून ठेवतात. आणि पेटीपासून सोडवलेली ट्यूबसुद्धा स्वतःच्या काचेवर भार धरून असते. तिच्या प्लगला हात लागला तर झटका बहुधा प्राणघातक नसतो, पण हातातून ट्यूब सुटायला तो पुरेसा असतो.

यानंतर लक्षणे वाचायची. फ्यूज उडाला असेल तर त्याची काच पाहतात. काच आतून काळी पडली असेल तर पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे. डायोड, कपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर गेलेला आहे. काच स्वच्छ आणि तार मधोमध नुसती वितळलेली असेल तर करंट थोडाच जास्त, पण बराच वेळ वाहत होता. ट्यूब चमकते पण किरण येत नाही, अशी तक्रार असेल आणि करंट योग्य असेल, तर पेटी निर्दोष आहे. आरसे किंवा वायू बिघडले आहेत. ट्यूब टकटक करत पेटते-विझते तेव्हा चित्र गुंतागुंतीचे होते. करंट ठराविक किमान पातळीच्या, बहुधा ३ मिलिअँपिअरच्या आसपास, खाली घसरत असेल, रेझिस्टरचे मूल्य वयाने वाढले असेल, किंवा ट्यूबच म्हातारी होऊन जास्त व्होल्टेज मागत असेल. काहीच पेटत नसेल आणि पेटीतून बारीक सुसकारा व ओझोनचा वास येत असेल, तर पेटवण्याचे व्होल्टेज धूळ आणि ओलाव्याच्या वाटेने अर्थकडे गळते आहे.

मोजमाप करताना साधा मल्टिमीटर इथे निरुपयोगी, किंबहुना घातक असतो; तो १,००० व्होल्टपर्यंतच सुरक्षित असतो. उच्च व्होल्टेजचा प्रोब वापरला तरी पेटवण्याच्या साखळीचे खरे व्होल्टेज दिसत नाही, कारण प्रोब स्वतः जेवढा करंट ओढतो तेवढ्यानेही ते खाली येते. अनुभवी कारागीर म्हणून व्होल्टेजच्या मागे न लागता करंट मोजतात. कॅथोडच्या, म्हणजे अर्थच्या बाजूच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालायचा आणि त्याच्यावरचे व्होल्टेज वाचायचे. ५ मिलिअँपिअर वाहत असतील तर मीटर बरोबर ५ व्होल्ट दाखवतो आणि मोजणारा माणूस हजारो व्होल्टच्या बाजूपासून दूर राहतो. ही युक्ती इतकी साधी आणि सुरक्षित आहे, की तिच्याशिवाय या कामाला हात लावूच नये.

ट्यूब दोषी की पेटी, याचा निकाल लावायला ट्यूबच्या जागी रेझिस्टरांची माळ जोडतात. १,२०० व्होल्टला ५ मिलिअँपिअर ओढायला २४० किलोओहम लागतात. ४७ किलोओहमचे पाच, प्रत्येकी ३ वॉटचे रेझिस्टर एकापुढे एक जोडले की जवळपास तेवढे होतात. पेटीने या माळेला शांतपणे ५ मिलिअँपिअर दिले तर चालवण्याचा भाग ठीक आहे आणि शोध पेटवण्याच्या साखळीकडे किंवा ट्यूबकडे वळतो. पहिल्यांदा वीज देताना मेन्स आणि पेटी यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि फिरवून व्होल्टेज बदलता येणारा व्हेरिॲक ठेवतात. आपल्याकडचे वायरमन सिरीज बल्ब लावून शॉर्ट ओळखतात, तो उपायही इथे चालतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असे हळूहळू व्होल्टेज चढवत नेले तर कधीकधी पुन्हा सुधारतात. स्विचिंग पद्धतीच्या पेटीला मात्र कमी व्होल्टेजवर रेंगाळत ठेवू नये. ती जास्त करंट ओढून स्वतःचे ट्रान्झिस्टर जाळू शकते.

सर्वात जास्त बिघाड करतात ते हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच. त्यांतला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. दीड हजार व्होल्ट एकटा कपॅसिटर सोसू शकत नाही म्हणून ४५० व्होल्टचे चार ओळीने जोडलेले असतात आणि प्रत्येकाला समांतर एक मोठा रेझिस्टर असतो, व्होल्टेज सारखे वाटले जावे म्हणून. दुरुस्ती करणाऱ्यांची नजर फुगलेल्या कपॅसिटरवर जाते आणि तेवढाच बदलला जातो. त्याच्या शेजारचा, बाहेरून ठणठणीत दिसणारा रेझिस्टर आतून तुटलेला असतो. त्यामुळे एका कपॅसिटरवर वाट्यापेक्षा जास्त व्होल्टेज पडत राहते आणि नवा कपॅसिटरही काही आठवड्यांत जातो. म्हणून चारही कपॅसिटर आणि चारही रेझिस्टर एकदमच बदलावेत.

सोल्डरिंगची रीतही इथे वेगळी आहे. एरवी नेटके, पातळ जोड चांगले मानतात. हजारो व्होल्टच्या ठिकाणी प्रत्येक टोकाभोवतीची हवा आयनित होते आणि वीज निसटते, म्हणून जोड गोल, गुळगुळीत, मण्यासारखा ठेवतात आणि तारेची टोके त्यात पूर्ण बुडवतात. काम झाल्यावर फ्लक्सचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढतात. खोली अंधारी करून पेटी सुरू केली तर कुठे निळसर चमक उरली आहे ते डोळ्यांना दिसते. तडकलेल्या जुन्या केबलच्या जागी सिलिकॉनच्या आवरणाची उच्च व्होल्टेज केबल घालतात. आणि ट्यूब जोडताना ॲनोड व कॅथोड उलट होऊ देत नाहीत. कॅथोड म्हणजे आतले मोठे ॲल्युमिनियमचे नळकांडे. करंट उलटा गेला तर दुसऱ्या टोकाचा धातू उडून आरशावर बसतो आणि ट्यूब कायमची निकामी होते.

सुटे भाग शोधताना जर्मनीचे विभाजन पुन्हा समोर येते. पश्चिमेच्या पेट्यांत ट्रान्झिस्टरच्या नावाचे पहिले अक्षर जर्मेनियमसाठी ए आणि सिलिकॉनसाठी बी असे युरोपीय पद्धतीचे आहे. येनाच्या पेट्यांत पूर्व जर्मनीची पद्धत आहे, जर्मेनियमला जी आणि सिलिकॉनला एस, आणि मधूनमधून रशियन लिपीत छापलेले सोव्हिएत भाग. १९९० नंतर यांतले बरेच भाग बनायचे थांबले. पण तुल्य भाग निवडणे अवघड नसते. व्होल्टेज, करंट आणि उष्णता सोसण्याची क्षमता तेवढी किंवा थोडी जास्त असली की पुरते. येनात लेसर बनवण्याचे काम मात्र खंडित झाले नाही. तिथल्या लासोस या कंपनीने हीलियम-निऑन आणि आर्गॉन ट्यूबांचे उत्पादन पुढे चालवले.

जुन्या पेटीतला एक भाग दुरुस्त न करता विल्हेवाटीलाच लावायचा असतो. काही मोठ्या कपॅसिटरांत आणि ट्रान्सफॉर्मरांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी तेल भरलेले असे. जर्मनीत ते क्लोफेन या नावाने विकले जाई. त्याचे उत्पादन तिथे १९८३ मध्ये थांबले आणि १९८९ मध्ये वापरावर बंदी आली. त्याआधीच्या काळातला, तेल पाझरणारा कपॅसिटर दिसला तर तो उघडायचा नाही, हातमोजे घालून घातक कचऱ्याच्या संकलनाकडे द्यायचा.

आर्गॉन लेसरची पेटी दिसायलाही वेगळी असते आणि तिचे दुखणेही वेगळे. हवेने थंड होणारी लहान ट्यूब सुमारे १०० व्होल्टवर १० अँपिअरपर्यंत करंट घेते. पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या ट्यूबला काही शे व्होल्ट आणि ४० अँपिअर किंवा जास्त लागतात. मोठ्या पेटीत थ्री फेज वीज थेट डीसी करून जाड ट्रान्झिस्टरांच्या रांगेतून ट्यूबला देतात. इथे जर्मनीच्या मेन्समधला एक बदल नडतो. १९८७ पासून २२०/३८० व्होल्टचा पुरवठा २३०/४०० कडे नेण्यात आला. थ्री फेजमधून मिळणारे डीसी व्होल्टेज मेन्सच्या सुमारे १.३५ पट असते. मेन्स २० व्होल्टने वाढली की डीसी २७ व्होल्टने वाढते. ट्यूबला ते नकोच असते, त्यामुळे सगळा बोजा ट्रान्झिस्टरांवर येतो आणि ४० अँपिअरला तो १,०८० वॉट होतो. एका विजेच्या शेगडीइतकी जादा उष्णता त्या रांगेत साठते. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की त्याच्या शेजारचे पाठोपाठ जातात. म्हणून जळलेले भाग बदलण्याआधी पुढे ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा टॅप कोणत्या व्होल्टेजला लावला आहे, पाण्याचा प्रवाह पुरेसा आहे का आणि ट्रान्झिस्टरखालचा उष्णतावाहक लेप सुकला आहे का, हे पाहावे लागते. अमेरिकेतून आलेले काही लेसर २०८ व्होल्टसाठी बनलेले असतात. त्यांच्यापुढे वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो हलवला की गोंधळ होतो.

आर्गॉनच्या कॅथोडला स्वतंत्र तापनवीज लागते, साधारण ३ व्होल्ट आणि २० अँपिअर. एवढ्या कमी व्होल्टेजला सैल किंवा गंजलेला स्क्रूही महागात पडतो. जोडात एक शतांश ओहमचा विरोध निर्माण झाला तरी ०.२ व्होल्ट तिथेच संपतात, कॅथोड पुरेसा तापत नाही आणि त्याच अवस्थेत मोठा करंट वाहिला तर तो झिजतो. त्यामुळे आर्गॉनच्या दुरुस्तीत पहिला पाना या दोन जाड तारांच्या टर्मिनलला लागला पाहिजे.

एक्सायमर लेसरच्या पेटीचे काम याहून जोखमीचे. तिथे कपॅसिटर २० हजार व्होल्टच्या वर भरून थायरट्रॉन या वायूभरल्या स्विचमधून एका झटक्यात रिकामे केले जातात. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर २५ हजार व्होल्टला भरला तर त्यात ३१ ज्यूल ऊर्जा असते, आणि ती माणसाचा जीव घ्यायला पुरेशी आहे. थायरट्रॉनला आधी काही मिनिटे तापवावे लागते. त्याचा हीटर कमजोर झाला की लेसरच्या स्पंदनांची वेळ चुकू लागते. नळीत फ्लोरिन किंवा हायड्रोजन क्लोराइड असल्याने विजेबरोबर वायूचाही धोका असतो. हे काम त्या यंत्राचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडेच जाते आणि जायला हवे.

दुरुस्त झालेली पेटी चालू झाली म्हणून लगेच परत दिली जात नाही. जर्मन नियमांनुसार विद्युत उपकरणाची दुरुस्तीनंतर तपासणी होते. पाच मीटरपर्यंतच्या केबलच्या साध्या उपकरणात अर्थच्या तारेचा विरोध ०.३ ओहमपेक्षा जास्त नसावा, इन्सुलेशन किमान १ मेगाओहम असावे आणि अर्थच्या तारेतून गळणारा करंट ३.५ मिलिअँपिअरच्या आत असावा लागतो. लेसर ३आर, ३बी किंवा ४ या धोक्याच्या वर्गातला असेल तर संस्थेत लेखी नेमलेला लेसर सुरक्षा अधिकारी असणे २०१० च्या नियमाने बंधनकारक आहे, आणि दुरुस्तीत काढलेली झाकणे व इंटरलॉक जागेवर आल्याशिवाय किरण सोडता येत नाही. त्यानंतर पेटी काही तास सलग चालवतात. गरम झाल्यावर करंट किती सरकतो ते दर थोड्या वेळाने नोंदवतात, ट्यूबला योग्य त्या आकड्यावर तो लावतात आणि तो आकडा, बदललेल्या भागांची यादी व तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतात.